फाटकासमोरचा तुकडा

अण्णा,

आज बुधवार. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीतच बसून लिहितेय. डबा शेजारच्या सीटवर तसाच पडलाय. शुक्रवारी सकाळी एका कागदावर सह्या व्हायच्या आहेत आणि त्या कागदातलं जमिनीचं वर्णन माझ्या हातचं आहे. तुम्ही असता तर पहिला प्रश्न कोणता विचारला असता हे मला ठाऊक आहे.

या परक्या देशात, इथल्या डोंगरात एक राष्ट्रीय उद्यान आहे, आम्ही सगळे त्याला पार्कच म्हणतो. पार्क केंद्र सरकारचं, म्हणून त्यातून जाणारा रस्ताही आजवर केंद्राचाच होता, तो आता राज्याकडे द्यायचं ठरलंय. रस्ता म्हणजे नुसतं डांबर नाही, खालची जमीनही. कोणती जाते आणि कोणती राहते, हे फूट-इंचांत लिहून द्यावं लागतं. तुम्ही जन्मभर मोजणी खात्यात केलंत तेच, हद्द कायम करणं. राज्याने ते काम आमच्या कंपनीला दिलं आणि कंपनीने मला. मी विमानातून काढलेले फोटो घेतले, आजच्या रस्त्याची मध्यरेषा धरली, दोन्ही बाजूंना ठरलेली रुंदी टाकली. पार्कवाले हो म्हणाले, राज्यवाले हो म्हणाले, दोघांचे वकीलही हो म्हणाले.

गेल्या आठवड्यात तिथल्या शाळेच्या हॉलमध्ये लोकांना नकाशा दाखवायचा होता. ऐंशीच्या पुढच्या एक बाई काठी टेकत आल्या. त्यांचं घर पार्कला लागून, रस्त्याच्या एका वळणावर आहे. "यात माझं फाटक कुठंय?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. "तू येऊन पाहिलंस ना पण?" मी म्हटलं, हो, पाहिलंय. त्या हसल्या. "मग माझा कुत्रा भुंकला असेल तुझ्यावर. माफ कर हं. म्हातारा झाला, पण खोड जात नाही त्याची." आणि मी म्हटलं, काही हरकत नाही.

अण्णा, त्या कुत्र्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या वळणाचे जुने नकाशे उघडले. पूर्वी कधीतरी दरड कोसळली होती आणि रस्ता नदीच्या बाजूला सरकवला होता. जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाईंच्या फाटकासमोर तसाच राहिला, त्यावर गवत वाढलंय. त्या रोज त्यावरूनच गाडी बाहेर काढतात. माझ्या पट्ट्यात तो तुकडा येत नाही. म्हणजे शुक्रवारनंतर रस्ता राज्याचा, तो तुकडा पार्कचा, आणि मधून जायची त्यांची जुनी परवानगी रस्ता पार्कचा असेपर्यंतच होती. उद्या तिथला बर्फ कोण काढणार? अँब्युलन्स बोलवावी लागली तर ती कुठून आत येणार? एकदा सह्या झाल्या की तेवढ्यासाठी दोन सरकारांना पुन्हा कागद करायला लावणं म्हणजे वर्षं जातात.

ऑफिसात मला सीनियर असलेला एक नागपूरचा मित्र आहे, त्याला काल सांगितलं. तो म्हणाला, "अगं यार, एका ड्राइव्हवेसाठी सायनिंग कॅन्सल करवणार तू? सर्व्हेयरचं लायसन्स तुझं धोक्यात येईल, विसरू नको. नंतर करेक्शन टाकू." नंतर म्हणजे कधी, मी विचारलं. "नंतर म्हणजे नंतर," तो म्हणाला आणि मॉनिटरकडे वळला. माणूस वाईट नाही. मलाच सांभाळून घेत होता.

कॉलेजच्या सुट्टीत एकदा तुमच्याबरोबर मोजणीला आले होते, आठवतं? लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या, सगळे हजर, फक्त एक बाई यायच्या होत्या. तुम्ही दोन तास लिंबाखाली बसून राहिलात. तलाठी कुरकुरतोय, "साहेब, त्यांचा अंगठा मागून घेऊ की." तुम्ही पानाची डबी उघडता, मिटता, आणि म्हणता, "अंगठा नकोय मला, त्या कुठून चालतात ते बघायचंय." त्या आल्या, आणि तुम्ही यंत्र न लावता आधी त्यांच्यामागून बांधावरून चालत गेलात. मला तेव्हा कंटाळा आला होता. त्याच वर्षी सर्व्हे कॅम्पहून मी वही घेऊन आले. आई पोळ्या लाटत होती, तुम्ही ओट्याला टेकून पानं चाळलीत आणि एवढंच विचारलंत, "हे आकडे पाहिलेस की उतरवलेस?" उतरवलेच होते. वही तुम्ही ओट्यावर ठेवलीत आणि हात धुवायला गेलात. त्यावर पुन्हा कधी बोलला नाहीत, तेच जड गेलं.

इकडे येताना तुम्ही स्वतः दुकानात येऊन मला चालायचे बूट घेऊन दिलेत. ते केव्हाच झिजले, पण तेव्हापासून तसलेच घेत आलेय. फेब्रुवारीत त्या रस्त्याला गेले तेव्हाही आताचे बूट डिकीतच होते. बाहेर बर्फाचा चिखल होता. काच खाली करून फोटो काढले, हीटर चालू ठेवला, आणि परत येऊन फॉर्मवर 'प्रत्यक्ष पाहणी केली' या ओळीखाली सही केली.

मघाशी बॉसला मेल पाठवला. शुक्रवारच्या सह्या थांबवाव्यात, मला त्या वळणावर बाईंना सोबत घेऊन चालायचंय, असं लिहिलं. उत्तर लगेच आलं: कॉल मी. फोन मांडीवर आहे. काय होईल माहीत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तो असता तरी बहुधा पाठवलं नसतं. कारण मेलमध्ये मी कारण दिलंय, 'जुन्या नोंदींत विसंगती आढळली.' नोंदी बरोबर होत्या, अण्णा. मी गाडीतून उतरले नव्हते. हे बॉसला लिहायला बोटं वळली नाहीत, तुम्हालाच सांगतेय.