कायमचा घाटकोपरला

८ जानेवारी १९८४
पोचलो. सहार विमानतळावर लवूदादा न्यायला आला होता. अकरा वर्षांनी थोरला भाऊ भेटला की गळ्यात पडून रडायचं, असं विमानात ठरवलं होतं. रडू आलं नाही. जेट लॅग. उद्या येईल.
दादाची गिरणी संपात गेली. आता रिक्षा चालवतो. त्याच रिक्षातून घाटकोपर.

९ जानेवारी
खोली तीच. आईने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, किती सुकलंस रे! डेट्रॉइटला डॉक्टर वजन कमी करा म्हणून मागे लागलाय.
अजून आत काही हलत नाही. मलेरियाच्या गोळ्यांचा परिणाम असावा.

११ जानेवारी, संध्याकाळ
निर्णय झाला. डेट्रॉइट बंद. कायमचा परत. इथे माणसं आहेत, तिथे नुसता बर्फ.
सगळ्यांना सांगितलं. मालनवहिनी म्हणाली, भावोजी, आधी आंघोळ करून घ्या, पाणी जाईल. दादा पेपरातून वर न बघता हूं म्हणाला. आनंदाने बोलता येत नसेल बिचाऱ्यांना.
बायकोला, वसुधाला, अजून कळवलेलं नाही. इथून फोन केला तर महाग पडतो. भेटीतच सांगू. नाचेल.

१३ जानेवारी, सकाळी
चाळीच्या संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभा राहिलो. आता हेच आपलं. शेजारचे गुणाजीकाका म्हणाले, पुढे जा रे, पाहुणा आहेस. म्हटलं, पाहुणा कसला, कायमचा येतोय. ते म्हणाले, तरी जा.
गेलो. तत्त्वाला मुरड घालावी लागली. पोट बिघडलंय.

१६ जानेवारी
दादाने दुपारी विचारलं, तिकडे माझ्यासारख्याला काय काम मिळेल काय रे? त्याला नीट समजावलं, की तिकडे काही नाही, खरं आयुष्य इथेच. तो बराच वेळ रिक्षाची काच पुसत राहिला. पटलं असावं.

२० जानेवारी
आईने फळीवरचे आपले डबे खाली उतरवले. फळी धुतली, नवा कागद अंथरला. हे काय, विचारलं. म्हणाली, तुझे कपडे खंय ठेवशीत? शिमग्याक येशीत मां?
एवढ्या घरात ही एकटीच खरं धरून बसली होती.
छातीत धडधडलं. गॅसेस. मुलांच्या शाळा, घर, गाडी, सगळं आवरायला वेळ लागेल म्हणालो.
आवर, म्हणाली. मी हंयच आसय.

२१ जानेवारी
एजंटकडे जाऊन तिकीट अलीकडचं करून घेतलं. ऑफिसात काम तुंबलंय. म्हणजे तुंबलं असणारच. घरी सांगितलं, बॉसने तातडीने बोलावलंय. फोन कुठे आला, असं कुणीच विचारलं नाही. वहिनीने लगेच लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं.

२४ जानेवारी, विमानात
निघताना आई खोलीच्या दारातच थांबली. हात हलवला नाही, नुसती बघत होती. मीही बघितलं.
दादाला सांगायला चार चांगली वाक्यं जुळवून ठेवली होती. सहारला बॅगा उतरवतो न उतरवतो तोच पोलिसाने शिटी मारली, रिक्षा हटाव. दादा म्हणाला, चल, सांभाळ. वळवून गेलाही.
आत एसीत शिरलो आणि एकदम बरं वाटलं. त्याचं वाईट वाटायला हवं, म्हणून थोडा वेळ तिथेच उभा राहून पाहिलं. मागचा माणूस म्हणाला, भाईसाब, आगे बढो.
विमान उठलं. खाली पत्रे, मग वर्सोव्याच्या होड्या, मग पाणी. बाईने विचारलं, चिकन की व्हेज. चिकन.

२७ जानेवारी, डेट्रॉइट
ऑफिसला गेलो. बॉस चकित. तुझी रजा अजून शिल्लक आहे, म्हणाला. घरी काही झालं का? आई बरी आहे ना?
बरी आहे म्हणालो.
टेबलावर काम काहीच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेन्सिलींना टोकं करत बसलो.