कानवाल्याची खुर्ची

प्रिय टवळे,

अक्षरावरून ओळखलंच असशील. तुझी आई म्हणाली मी लिहून देते, पण तिच्या हाती पत्र दिलं की ती माझ्या शिव्या गाळते आणि स्वतःचे उमाळे घालते. चार यत्ता शिकले ते कधी तरी कामाला यायला हवं. वेलांट्या जागेवर नसल्या तर तू बसव.

आधी मुद्द्याचं. तुझ्या त्या कंपनीतलं जेवण मी खाल्लं. होय, विमानात बसून. विमानतळामागच्या त्या थंडगार खोलीत लोकरी टोपी घालून तुम्ही पोरी दिवसभर ट्रे भरता, त्यातलाच एक माझ्या मांडीवर आला. भाजी बरी होती, मीठ कमी. पाव इतका गार की आधी काखेत धरून उबवावा. आणि काय ती झाकणं. झाकणाखाली कागद, कागदाखाली पुन्हा झाकण. दागिनेसुद्धा कुणी इतके गुंडाळत नाही. उघडता उघडता शेजारच्याचं जेवून झालं.

आता तू म्हणशील, म्हातारी विमानात चढली कशी. माझा धाकटा भाऊ किती वर्षं ये ये म्हणत होता, म्हटलं चला, एकदा जाऊन त्याचं तोंड बंद करावं. मी जाते म्हटल्यावर तुझ्या बापाला इतका आनंद झाला की त्याने लगेच तिकीट काढायला घेतलं. सरळ जाणारं विमान होतं. मी म्हटलं ते मला मानवत नाही, तुझ्या विमानतळावर उतरून दुसरं धरायचं ते काढ. ज्या बाईने जन्मात विमानात पाय ठेवला नाही तिला कुठलं मानवतं हे कसं ठाऊक, असं त्याने विचारलं नाही. डोकं असतं तर विचारलं असतं. मग मी म्हटलं, गुडघे गेलेत, चाकाची खुर्ची सांगून ठेव. तेव्हा मात्र तो माझ्याकडे बघत राहिला. आदल्याच दिवशी मी माळ्यावर चढून ट्रंक खाली काढली होती, त्याच्या डोक्यावरून.

चाकाची खुर्ची म्हटल्यावर तू सावध झाली असशील. हो. विमानतळावर खुर्च्या ढकलणाऱ्याला मुलगी देणार नाही असं तुझ्या बापाने जाहीर केल्यापासून आमच्याही घरात सगळे सावधच आहेत. तू त्याला ठणकावलंस, कचेरीत जाऊन सही करून लग्न करणार, यायचं तर या. तुझी आई तेव्हापासून भांडी दोनदा घासते. आणि तू मला फोनवर सरळ विचारलंस, आजी तू कुणाच्या बाजूने. मी गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. त्यावरून तू समजलीस की मी बापाची. अगं, मी कुणाचीच नव्हते. फोटो बघून मी वांगीसुद्धा घेत नाही, नवरा कसा घेऊ. तुझ्या त्या फोटोत तर मला दोन कान दिसले आणि मधे कुणी तरी उभं होतं. तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव कानवाला. तुझा बाप तेवढंही म्हणत नाही, तो 'तो' म्हणतो.

तुला कळवलं नाही, कारण तू त्याला पढवून पाठवलं असतंस. त्याची सकाळपाळी असते हे तू आईला सांगत होतीस ते मी ऐकलं होतं. लोक म्हणतात म्हातारीला ऐकू येत नाही. काय ऐकू यायचं ते येतं.

विमानाच्या दारात एक बाई खुर्ची घेऊन उभी होती. तिचीच पाठ वाकलेली, तिला म्हटलं तूच बस, मी ढकलते. दुसरा आला तो जांभया देत, त्याला परत पाठवला. मग त्यांचा मुकादम आला, म्हणाला आजी, तुम्हाला चालेल तरी कोण. म्हटलं, तो कानवाला बोलवा. कुठला कानवाला असं मुकादमाने विचारलं नाही, यातच समज काय ते.

आला. नमस्कार केला आणि पाय ठेवायची पट्टी खाली केली. मग मी त्याला असा पिदडला की विचारू नकोस. जोरात ढकललं की मी म्हणायचं पोटातलं ढवळतं, हळू ढकललं की म्हणायचं माझं श्राद्ध इथेच घालणार का. मोरीवर नेलं, परत नेलं, चहा आणवला, गार आहे म्हणून बदलून आणवला. पोरगा हूं की चूं नाही. उलट म्हणतो कसा, आजी, आमच्याकडे रोज चमत्कार होतो, चढताना ज्यांना खुर्ची लागते ते उतरल्यावर सामान घ्यायला पळत जातात. हे सांगताना तो छताकडे बघत होता. मीही छताकडेच बघितलं.

म्हटलं, हा नुसता मऊ दिसतोय. मऊ माणूस लोणी म्हणून बरा, नवरा म्हणून नाही. तेव्हा मी शेवटची काडी टाकली. म्हटलं, इथल्या स्वयंपाकघरातलं जेवण म्हणे जनावरं खाणार नाहीत, आळशी पोरी ठेवल्यात भरून. खुर्ची थांबली. वाटेच्या मधोमध, मागची माणसं आम्हाला वळसा घालून जायला लागली. तो पुढे आला, कान लालभडक, आणि म्हणाला, आजी, मला काय हवं ते बोला, त्या पोरींना बोलू नका. त्या गारठ्यात उभं राहून बोटं सुजतात त्यांची. त्यातली एक तर वास जरा वेगळा वाटला म्हणून साहेबाशी भांडून भाजीची अख्खी गाडी परत पाठवते. तुम्ही पाहिलंय का कधी, मग कशाला बोलता. एवढं म्हणाला आणि मागे जाऊन पुन्हा ढकलायला लागला. माफी मागितली नाही. बरं वाटलं, पण तुला सांगायचं म्हणून सांगते, चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पुढे एका खांबाशी पायाला पट्टी बांधलेली एक बाई ताटकळत उभी होती, डोळ्यांत पाणी, तिची खुर्ची यायची होती आणि विमान सुटायला टेकलेलं. कानवाला तिच्याकडे बघे, माझ्याकडे बघे. त्याला मला सोडून जाता येईना. मी उठले. म्हटलं घाल तिला हिच्यात, मी येते चालत. आणि पिशवी उचलून त्याच्या पुढे निघाले. तो म्हणतो, आजी, सावकाश, चमत्कार आज लवकर झाला.

माझ्या विमानाच्या दाराशी विचारलं, तुला कधी कळलं रे. म्हणाला, पहिल्यापासून. मुकादमाने सांगितलं एक आजी कानवाला हवा म्हणतायत. मला कानवाला म्हणणारं जगात एकच घर आहे. आणि जेवणात मीठ कमी वाटेल, पुडी फाडून घ्या, तुमची नात ऐकत नाही.

म्हणजे बघ. मी कोण ते ठाऊक होतं, माझ्या एका शब्दावर काय अडलंय तेही ठाऊक होतं, आणि तरी माझी बोलती बंद केली. तुझ्या आजोबांना हे कधी जमलं नाही.

घरी येऊन तुझ्या बापाला सांगितलं, तू जन्मभर खुर्ची उबवलीस, तो निदान ढकलतो तरी. मी लग्नाला निघाले. दोन दिवस जेवला नाही, म्हणजे आमच्यासमोर जेवला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, तुला एकटीला कसं पाठवू, सोडायला येतो. फक्त सोडायला हं. काल त्या फक्त सोडायच्या सदऱ्याला इस्त्री करताना पाहिला.

तेव्हा आम्ही तिघं येतोय, हे कळवायला हे पत्र. आणि माझ्यासाठी खुर्ची सांगून ठेव, ढकलायला कानवालाच हवा. पाय माझे ठणठणीत आहेत. पण विमानापासून बाहेरच्या दारापर्यंतची वाट लांबलचक आहे, मी बघून ठेवलीय, आणि खुर्चीबरोबर घरचं एक माणूस चालतं. ते तुझा बाप असेल. मी मधे झोपेचं सोंग घेईन. एवढ्या वाटेत दोन पुरुष गप्प राहतात कसे ते बघतेच मी.

तुझीच, आणखी कुणाची असणार,
आजी