सोमारीला नवल वाटत नाही

॥ श्री ॥
मु. मेंढाटोला, पो. वडसा, जि. चांदा
ता. १० नोव्हेंबर १९५७

ती. इंदुताई यांस मुखरूचे शि. सा. न. वि. वि.

आपले कार्ड पोचले. उत्तरास उशीर झाला. शेतात धानाची कापणी सुरू आहे आणि मिलमध्ये वजनकाट्यावर दुसरा माणूस नाही, त्यामुळे दिवस कसा जातो ते कळत नाही. एका परीने ते बरेच आहे.

सोमारीला नागपूरला आपल्याकडे शाळेत घालावे असे आपण पुन्हा लिहिले. भागीरथा आपली पाठची बहीण. तिच्या लेकीची काळजी आपल्याला माझ्यापेक्षा कमी नाही हे मी जाणतो. तरी थोडे थांबावे. त्याचे कारण लिहितो, हसू नये.

दहाव्याला भागीरथेचा पुढचा जन्म कळावा म्हणून सुपाखाली तांदळाचे पीठ चाळून ठेवले होते आणि सकाळी त्यावर पाखराचे पाऊल उमटले होते, ते आपण पाहिलेच. म्हाताऱ्या बायांनी बगळा सांगितला. आपण नागपूरला परतल्यावर आमच्या बांधावर एक बगळा रोज सकाळी येऊन उभा राहू लागला. सोमारी त्याच्यापासून थोडी दूर बसते. शाळेत काय झाले, भाजी कशाची केली, बाबांनी भात कसा करपवला, हे सगळे त्याला सांगते आणि मग घरी येऊन पोटभर जेवते. तिची माय गेल्यावर पहिले काही दिवस ती अन्नाला शिवत नव्हती, ते आपल्याला आठवत असेल. आता जेवते. म्हणून मी तिला हलवायला धजत नाही.

दुसरी बातमी. मुंबईहून सिनेमावाले आले आहेत. मुख्य गृहस्थांचे नाव सबनीस. ते कोणत्या कंपनीचे नाहीत, स्वतःच्या हिमतीवर चित्र काढतात. त्यात गाणे नाही, नटी नाही, मारामारी नाही. पाटलांनी विचारले, मग आहे काय? साहेब म्हणाले, लहान मुलाच्या नजरेतून दिसणारे जग. पाटील म्हणाले, लहान मुले आमच्या घरी हवी तितकी आहेत, कोणतेही घेऊन जा, परत नाही आणले तरी चालेल.

त्यांनी मुंबईहून एक मुलगा आणला होता. तो म्हैस पाहून तापाने पडला आणि आईबरोबर परत गेला. मग हॉटेलात कोणीतरी त्यांना सोमारीची आणि बगळ्याची गोष्ट सांगितली. साहेब घरी आले, जोडे बाहेर काढले, भुईवर बसले आणि हात जोडून परवानगी मागितली. म्हणाले, जे आम्ही पुस्तकांत शोधत होतो ते तुमच्या बांधावर उभे आहे. दुखवट्याच्या घरी येऊन हात जोडणाऱ्याला नाही म्हणणे मला जमले नाही.

भावजींना नमस्कार. आहे तो लोभ तसाच राहू द्यावा.

आपला,
मुखरू


नागपूर
ता. १५ नोव्हेंबर १९५७

चि. मुखरूभाऊ यांस इंदुताईचे अ. आ. वि. वि.

तुमचे पत्र वाचले आणि तुम्ही नको म्हटले होते तरी हसले. मग रडले. दोन्हीचा राग तुमच्यावर.

पिठावरचे पाऊल मी चांगले निरखून पाहिले होते. ते तुमच्या शेजारच्या झाडूभाऊच्या कोंबडीचे होते. ती सुपाखाली शिरली कशी, एवढाच काय तो चमत्कार. आणि आमची भागी बगळा कशी होईल हो? बगळा एका पायावर गप्प उभा राहतो. भागी कधी गप्प होती? लग्नाच्या मांडवातसुद्धा भटजींना मंत्र चुकला म्हणून टोकणारी. ती व्हायचीच तर साळुंकी झाली असती.

पण पोर जेवते ना? मग राहू द्या बगळा.

त्या मुंबईवाल्याचे मात्र मला पटत नाही. लहान मुलाची नजर पाहायला आलेला माणूस पोराला कॅमेऱ्यापुढे उभे करतो, म्हणजे बघायचे कोणी आणि दिसायचे कोणाला? इथे शेजारच्या वकिलीणबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, हल्ली असे नवे निघाले आहे, गरिबाच्या घरी जे रोजचे असते त्याला अद्भुत म्हणतात. मी म्हटले, मग आमच्या नळाला पाणी येते त्याचेही चित्र काढा, तेही क्वचितच दिसते.

विनोद सोडा. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पोरीने अन्न टाकले असे कानावर आले, तर मी गाडीत बसेन आणि तिला घेऊन येईन. मग तुम्ही हात जोडा की पाय धरा, ऐकायची नाही.

अंगावर गरम काही घालत जा. मिलमधला कोंडा छातीत जातो. ताईला विसरू नये.

तुमची,
इंदुताई


मेंढाटोला
ता. २८ नोव्हेंबर १९५७

ती. इंदुताई यांस मुखरूचा साष्टांग नमस्कार वि. वि.

आपण बजावले आहे, म्हणून खरे तेच कळवतो. आधी सिनेमाचे लिहितो, म्हणजे पुढचे समजेल.

पहिल्या दिवशी साहेबांनी सोमारीला सांगितले की तू धावत बांधावर यायचे, बगळा दिसला की थबकायचे आणि तुला फार फार नवल वाटले पाहिजे. सोमारी धावत आली, बसली आणि बगळ्याला सांगू लागली की आज हे लोक आले आहेत. साहेबांनी थांबवले. पुन्हा सांगितले. पुन्हा तसेच. नवल का वाटत नाही, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, “काऊन वाटन? माय हाये ते.”

हे ऐकून साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी ते वाक्य आपल्या माणसाकडून लिहून घेतले. त्याला म्हणाले, हेच, हेच ते, चमत्कार आणि रोजचे जगणे एकाच ताटात. मग सोमारीकडे वळून म्हणाले, शाबास, आता पुन्हा धावत ये आणि नवल कर.

बगळा सांगितलेल्या जागी उभा राहीना. तेव्हा वडशाचे लियाकतभाई, जे नाटकांचे पडदे रंगवतात, त्यांना बोलावले. त्यांनी बांबू आणि कापूस घेऊन तारेवर उडणारा बगळा केला. चोच शेंदरी, डोळ्यांत काजळ, कारण नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत दिसावे लागते. गावाला तो फार पसंत पडला. खरा बगळा त्यापुढे फिका आहे असे पाटलांचे मत झाले. साहेबांनी डोके धरले. पण दुसऱ्या दिवशी म्हणाले की खोटेपणातही एक सत्य असते, आणि तो टांगायला सांगितला.

उन्हाचा उजेड सोमारीच्या तोंडावर पाडण्यासाठी चंदेरी कागद डकवलेले मोठे पत्रे आणले आहेत. ते धरायला आमच्याच टोल्यातली माणसे लावली, झाडू त्यांचा मुकादम. दिवसभर धानाच्या सगळ्या बांधीत लखलखाट असतो. आता मुख्य गोष्ट. त्या लखलखाटाला भिऊन बगळा निघून गेला. परत आला नाही.

सोमारी रोज जाऊन बसते आणि परत येते. ताटावर बसते, भात चिवडते, उठते. आज तर ताटावरही बसली नाही. मी साहेबांना पत्रे काढण्याबद्दल बोललो. ते म्हणाले, तिच्या चेहऱ्यावर आता जी वाट पाहणारी उदासी आली आहे ती सोन्यासारखी आहे, चारआठ दिवस निभावून घ्या. गावालाही सिनेमावाले जायला नको आहेत, कारण चित्रात सगळ्यांचे चेहरे यायचे आहेत. मी मोठ्याने बोलणारा माणूस नाही हे आपण जाणता.

आपण येऊन तिला नेणार, हे मला ठाऊक आहे. अडवणार नाही. पण तिची समजूत वेगळी आहे. तिने स्वतः पत्र लिहिले आहे, ते सोबत जोडतो. मी त्यात काही सुधारले नाही.

आपला,
मुखरू


मोठमायले सोमारीचा नमस्कार.

माय इथी नाई येऊन राह्यली. मले वाटते ते तुयाकडे आली असन. तिले तुयी लय आठवन येत होती. आली असन तं तिले सांगजो का बोडीच्या पान्यात मासोळ्या हायेत. बाबा भात करपवते पन आता कमी करपवते. सिनेमावाला बाबू मले नवल कर म्हनते. मले नाई येत. तिले लवकर पाठवजो. उडत आली तरी चालन, मोटारीले पोरं दगड मारतेत.

तुयी सोमारी


नागपूर
ता. २ डिसेंबर १९५७

चि. मुखरूभाऊ यांस इंदुताईचे आशीर्वाद.

तुमचे पाकीट आले तेव्हा मी बांधाबांधच करायला घेतली. तुमच्या भावजींना म्हटले, उद्याची गाडी, पोरीला आणते. मग दुसरा कागद उघडला.

पोरीला खरे ते लिहावे म्हणून बसले. बेटा, बगळा हा पक्षी आहे आणि माणूस गेले की गेले, असे लिहिले. माझेच अक्षर मला वाचवेना. फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. भावजी म्हणाले, पोस्टाचे कागद स्वस्त नाहीत. शेवटी जे लिहिले ते खाली आहे. तुम्ही शिकलेले आहात, मला हसायचे तर हसा. पोरीला मात्र मोठ्याने वाचून दाखवा.

आठवड्याभरात ती जेवल्याचे कळले नाही, तर मी येतेच. हे पत्र त्याच्या आड येणार नाही.

तुमची,
इंदुताई


चि. सोमारी हिला मोठमायचे अनेक आशीर्वाद.

तुझी माय आली होती. मी नळावर भांडी घासत होते, तर समोरच्या भिंतीवर येऊन बसली. मी तिला चांगली रागावले. म्हटले, लेकीला सोडून आलीस, आणि तेही हात हलवत? निदान पोहे तरी आणायचे. तिने नेहमीसारखे उलट उत्तर दिले. म्हणाली, मी हौसेने आले का? बांधीत ते चकचकीत पत्रे उभे केले आहेत, त्यांनी माझे डोळे दिपतात, उतरायला जागा दिसत नाही. ते काढा, मी लगेच जाते. मी तिला मासोळ्यांचे सांगितले. तेव्हा जरा विचारात पडली.

ती निघाली आहे. पण वाटेत प्रत्येक तळ्यावर गप्पा मारत बसेल, तिची सवय तुला ठाऊक आहे. तोवर तू जेवून घे. उपाशी लेक बघितली तर ती मलाच बोल लावील.

तुझी,
मोठमाय


मेंढाटोला
ता. १४ डिसेंबर १९५७

ती. इंदुताई यांच्या चरणी मुखरूचे शि. सा. न. वि. वि.

सोमारी जेवते एवढे कार्डाने लगेच कळवले होते, आता सविस्तर लिहितो. आपले पत्र आले त्या संध्याकाळी ओसरीवर झाडू आणि टोल्यातली इतर माणसे बसली होती. आपण सांगितल्याप्रमाणे मी मोठ्याने वाचले. पत्र्यांचे वाक्य आले तेव्हा सगळे ऐकत आहेत हे मला दिसत होते. ते वाक्य मनात वाचून पुढे जाता आले असते. मी तसे केले नाही.

सोमारीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, पाहा, मी सांगत होते. मग ती जेवायला बसली.  ओसरीवरची माणसे आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पत्रे धरायला एकही माणूस आला नाही. साहेब स्वतः टोल्यात आले. झाडूने नम्रपणे सांगितले की पोरीच्या मायला त्रास होतो, आम्ही धरणार नाही. साहेब आधी खूश झाले. म्हणाले, वा, हेही चित्रात घेऊ. तुम्ही पत्रे खाली ठेवता आणि निघून जाता, असे दाखवू. फक्त ते घेताना उजेडासाठी काही जणांना पत्रे धरावे लागतील. झाडू म्हणाला, तेही नाही.

मग साहेबांचा तोल गेला. जे महिनाभर अद्भुत होते ते त्या सकाळी अंधश्रद्धा झाले. देश स्वतंत्र होऊन दहा वर्षे झाली आणि तुम्ही अजून बगळ्यांचे ऐकता, असे म्हणाले. झाडू डोके खाजवत राहिला. मग म्हणाला, “साहेब, तुमीच तं रोज म्हनत होते, पोरीले जे दिसते तेच खरं. आमी तुमचं आयकलं.”

 साहेबांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, तुम्ही शिकलेले आहात, या लोकांना सांगा की असले पत्र खरे नसते. मी सांगितले की पत्र माझ्या मेहुणीचे आहे, अक्षर ओळखीचे आहे, टपालाचा शिक्का नागपूरचा आहे. खोटे म्हणायला मला त्यात जागा दिसत नाही. ताई, एवढे लांब वाक्य मी या तीन-चार महिन्यांत कोणाशी बोललो नव्हतो.

ते दोन दिवसांनी सामान बांधून जिवतीच्या डोंगराकडे गेले. तिकडचे लोक अधिक निरागस आहेत असे त्यांना कोणी सांगितले आहे. जाताना सोमारीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता. लियाकतभाईंनी आपला कापसाचा बगळा वडशाच्या नाटक मंडळीला दिला, तिथे तो हंसाचे काम करतो. आपले चेहरे चित्रात येणार की नाही, ही पाटलांची चिंता अजून गेलेली नाही.

आता आपण ज्याची वाट पाहत आहात ते लिहितो. साहेब गेल्यावरही काही दिवस बांध रिकामाच होता. सोमारी जेवत होती, पण आपल्या पत्राच्या भरवशावर. तो भरवसा किती दिवस पुरेल, याचा घोर मला होता. परवा बांधालगतच्या बोडीचे पाणी उतरले आणि चिखलात मासोळ्या उघड्या पडल्या. काल सकाळी पाहतो तर सगळी बांधी बगळ्यांनी पांढरी झालेली. एक मागितला होता, तिथे थवाच आला. मला धसका बसला. एवढ्यांतून कोणता, असे तिने विचारले तर काय सांगू? मी तिला घरातच थांबवणार होतो, पण ती पुढे निघून गेली होती.

ती बांधावर उभी राहून बघत होती. मी जवळ गेलो. तिने काही विचारले नाही. तरी मीच एका बगळ्याकडे बोट केले आणि म्हणालो, ती बघ. ताई, मी हे का केले ते मला सांगता येणार नाही. तो जरा वेगळा उभा होता, मान तिरपी करून. मला खरेच तसे वाटले.

सोमारीने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. म्हणाली, “बाबा, ते नोहे. तुमी मायले इतक्यातच इसरले का? ते पाय तिकडं, सगळ्यायले हाकलून एकटीच मासोळ्या खाऊन राह्यली.”

तिकडे खरेच एक बगळा इतरांना चोचीने मारून मागे सारत होता. मी पाहतच राहिलो. मग तिथेच बांधाच्या धुऱ्यावर बसलो आणि तोंडावर दुपट्टा घेतला. सोमारी माझ्या पाठीवर थापटत होती आणि तिकडे ओरडून सांगत होती की बाबा रडून राह्यले, तू खाय.

आपण संक्रांतीला यावे. सोमारीला न्यायला म्हणून नव्हे, भेटायला म्हणून. ती आपल्याला दाखवीलच. तोवर आम्हा बापलेकीवर माया असू द्यावी.

आपला,
मुखरू