करड्या बाबागाड्यांची रांग

३ सप्टेंबर

चाचणी संपली. वाळूची पिशवी आत, ब्रेक ओला, गाडी बंदराकडच्या दगडी उतारावर. जागची हलली नाही! बाकी सगळ्या बाबागाड्या परत पाठवायला यूटेला सांगितलं.

"आणि रंग?"

एकच. करडा. गुलाबी आणि निळं कापड उन्हात विटलं, हे टिकलं.

"अगं, बाळांचं दुकान आहे हे, तुझा ब्रेकचा कारखाना नव्हे!"

दुकान यूटेचं, निवड माझी. कारखाना सोडून आले ती याच अटीवर. जे मी स्वतः ओढून, आपटून, धुऊन पाहिलं नाही ते फळीवर येत नाही. लोकरीचे मोजे आले, कारण ते पायातून निघत नाहीत. लाकडी ससा गोड होता, कान तुटला, गेला.

१९ सप्टेंबर

माझ्या बहिणीने, हेन्रिएटनेही तीच गाडी घेतली. तिचा तान्हा विगो आत मावला, झोपला. मोठी बहीण म्हणून एक टोमणा मारलाच. "थूरा, तुझ्या दुकानात सगळं मिळतं. हसू तेवढं ठेवत जा."

११ ऑक्टोबर

कॅफेबाहेर भिंतीशी रांग. सगळ्या आमच्या! टप खाली, जाळ्या लावलेल्या, इथल्या रीतीप्रमाणे बाळं गार हवेत झोपलेली. आया-बाप आत कॉफीला. मी त्या रस्त्याने दोनदा गेले. काम काही नव्हतं.

१६ ऑक्टोबर

हेन्रिएट दुसऱ्याचं बाळ घेऊन गेली.

कॉफी संपवून बाहेर आली, गाडी घेतली, धक्क्यापर्यंत चालत गेली. तिथे बाळ उठलं. जाळी काढली तर विगो नाही— एक मुलगी! बोडिलची एलिनोर. बोडिल फेरीबोटीवर काम करते, आम्ही तिला फक्त चेहऱ्याने ओळखतो. ती कॅफेबाहेर आली तेव्हा एलिनोरच्या जागी झोपलेला मुलगा. आरडाओरडा, पोलिसांना फोन. हेन्रिएट परत पोचेपर्यंत अर्धं स्वेनबोर्ग गाव फुटपाथवर.

दोन्ही बाळं ठणठणीत. विगो तर उठलाही नव्हता.

१७ ऑक्टोबर

बेकरीतला माणूस पावासोबत विनोदही देतो. "थूरा, तुमच्याकडे बाळं बदलून मिळतात म्हणे! माझा धाकटा आणू का? चौदा वर्षांचा आहे."

हसले नाही. यूटे हसली, मग माझ्याकडे बघून थांबली.

२० ऑक्टोबर

हेन्रिएट घराबाहेर पडत नाही. विगो दुपारी घरात झोपत नाही, किरकिरतो, मग तीही रडते. मी तिला सांगितलं— टप खाली, जाळी लावलेली, गाड्या एकसारख्या. कुणालाही ओळखू आलं नसतं.

"मी त्याची आई आहे. कुणीही नाही."

"यात आईपणाचा संबंध नाही, दिसण्याचा आहे."

"तू सिद्ध कर गं. मी रडते."

२४ ऑक्टोबर

आठवडाभर खूणपट्ट्या, बिल्ले, यंत्रं मागवतेय. एक यंत्र गाडी हलली की भोंगा वाजवतं. म्हणजे पाच बाळांना उठवून सहाव्याची आई शोधायची. त्याच्या बॅटरीचं झाकणही नखाने उघडलं. परत.

तिने "सिद्ध कर" म्हटलं ते चिडून. मी ते शब्दशः घेतलंय.

२ नोव्हेंबर

सिद्ध केलं!

दुकानामागच्या अंगणात गाड्या ओळीने लावल्या, बाळांसकट. आया-बापांना दुकानात कॉफी दिली आणि तेवढ्यात गाड्यांच्या जागा बदलल्या. मग म्हटलं, जा, आपापली घ्या. आवाज नाही, जाळी उचलायची नाही. हेन्रिएटला बोलावलं होतं. आली नाही. बोडिल मात्र आली, बोलावलं नसताना. तिने काही विचारण्याआधीच मी तिच्या गाडीसाठी ओळीतली शेवटची जागा मोकळी केली.

यूटे फुशारकी मारत होती, "आईचं आतडं असतं गं, आपोआप कळतं."

आतड्यांनी दगा दिला. बहुतेक जण चुकले. एक बाप ठामपणे रिकामी गाडी घेऊन निघाला— ती मी मुद्दाम ठेवली होती. बोडिल सरळ चालत गेली, दांडा धरला, जाळी उचलली. आत कुणाचा तरी टकलू मुलगा.

"बघा! मीही पळवला!" ती इतकी हसली की तो उठला. मग हसू थांबलं, आणि तिने त्याला थोपटून जाळी परत लावली.

जाताना मला म्हणाली, "तुझ्या बहिणीचं घर कुठलं?" सांगितलं.

४ नोव्हेंबर

आता दुसरी बाजू. आतड्यांचा दोष नव्हता, हे ठरलं. मग दोष माझा. एकच रंग मी निवडला. गाडी अजूनही उत्तम आहे, पण उत्तम वस्तूसुद्धा आपली म्हणून ओळखता आली पाहिजे. हे मी मोजलंच नव्हतं.

बंदरावर गेले. होड्या सगळ्या पांढऱ्या. शिडं शिवणाऱ्या ओव्हेला विचारलं, लोक चुकून दुसऱ्याची होडी नेत नाहीत का?

"नेतात की. प्यायल्यावर." मग वर बोट दाखवलं. प्रत्येक डोलकाठीवर वेगळी पताका.

१३ नोव्हेंबर

ओव्हेने शिडाच्या उरलेल्या कापडाच्या पताका शिवल्या. टपाच्या मागे बसतात, लांबूनही दिसतात. मासा, घंटा, पिवळा बूट, एक फार जाडा बगळा. मिठाच्या पाण्यात ठेवल्या, ओढून पाहिल्या, एक यूटेच्या नातवाला आठवडाभर चघळायला दिली. शिवण शाबूत, रंग शाबूत.

नियम एकच: कुठलंही चित्र दुसऱ्यांदा शिवायचं नाही.

यूटे बगळा हातात धरून बसली. "अगं थूरा, ही गोड आहे! तू निवडलेली वस्तू, आणि गोड!"

कामाची आहे, मी म्हटलं. पण खिडकीत मीच मांडल्या, आणि रस्ता ओलांडून समोरून पाहून आले. छान दिसत होत्या. फार छान.

१७ नोव्हेंबर

कॅफेबाहेर रांग परत लागली. मासा, घंटा, बूट. हेन्रिएटची गाडी नाही. तिच्या घरी एक वेगळी पताका पाठवलीय, तिच्या दारावरच्या लाल कंदिलाची. तिने पुडकं उघडूनही पाहिलं नाही म्हणे.

२२ नोव्हेंबर

बोडिल हेन्रिएटकडे गेली होती. एलिनोरचा बाप्तिस्मा आहे. चर्चमध्ये बाळाला हातात घेऊन जायला धर्ममाता हवी. तिने हेन्रिएटला विचारलं. "गाडी धक्क्यावर टाकून, तिला कोटात घेऊन धावत आली होतीस. ती तुझ्याकडे रडली नाही."

हेन्रिएट हो म्हणाली. मला सांगायला स्वतः चालत दुकानात आली. आत बसून दोन कप कॉफी प्यायली.

विगो बाहेर झोपला होता, टपामागे लाल कंदील.