डाव्या पायाला काम नाही

मंगळवार, संध्याकाळ

आज खातीपुऱ्याच्या रस्त्यावर पुन्हा तेच. ई-रिक्षा आडवी आली आणि माझा डावा पाय क्लच दाबायला धावला. या गाडीत क्लच नाहीच. दाबला गेला तो ब्रेक. शिकवणारे भैयाजी काचेवर आपटता आपटता वाचले. "मॅडमजी, बायाँ पैर भूल जाइए," म्हणाले.

कसा विसरू? जुन्या गाडीवर ह्यांनीच शिकवलं होतं. "आधी क्लच, मग बाकीचं." पुढे ह्यांचा गुडघा दुखायला लागला म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली. आता हे नाहीत, आणि पाय अजून ह्यांचंच ऐकतो.

दुपारी नाशिकहून धाकट्या भाऊजींचा फोन आला होता. "वहिनी, रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. तुम्हाला ती काय कामाची?" मी नेहमीसारखी गप्प राहिले. त्यांना तो होकार वाटला असेल.

होकार नव्हता. म्हणून तर भैयाजींना शेजारी बसवून आणखी एक फेरी मारली. डावा पाय सीटखाली ओढून धरला. ब्रेक उजव्यानेच लागला.

रविवारी भैयाजींना शेजारी बसवून भाऊजींना स्टेशनवरून आणायला मीच जाणार. त्यांनी मागे बसावं.