माझ्याच सत्काराची तयारी

प्रिय दादा,

पत्र बघून दचकू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. फोन करता आला असता, पण आपल्या कॅम्पवर फोनवर नुसतं हॅलो म्हटलं तरी शेजारच्या चार तंबूंत कान टवकारले जातात, हे तू विसरला नसशील. म्हणून सामानाच्या खोलीत स्लीपिंग बॅगांच्या ढिगावर बसून लिहितेय. पाहुणे टेकडीवर फिरायला गेलेत, आचारी भांड्यांवर राग काढतोय, तेवढा वेळ माझा. छोटूचा हलणारा दात पडला का? आणि वहिनीला सांग, स्वेटर फार सुरेख आहे, पण दंडात घट्ट होतो. दोर ओढून ओढून माझे दंड पैलवानासारखे झालेत.

तर आपल्या पंचविसाव्या हंगामाचा सोहळा. जुन्या पाहुण्यांसाठी काहीतरी झकास करायचं, असं बाबांनी जाहीर केलं, म्हणजे मी करायचं. मीही हौसेने लागले कामाला, खोटं कशाला बोलू? तळ्यात होड्या सोडायच्या आणि प्रत्येक होडीत दिवा. मोडक्या धक्क्याच्या फळ्या काढून त्यांचं स्टेज. डोळ्यांवर पट्टी बांधून तंबू उभारायची नवराबायकोंची स्पर्धा तर लोक मागूनच घेतात. मागच्या खेपेला वकीलसाहेब आणि त्यांच्या बाई एकमेकांवर इतके भडकले की त्यांना झोपायला दोन वेगळे तंबू द्यावे लागले, आणि या वर्षी पहिलं नाव त्यांनीच दिलंय! आचारी रोज एकदा नोकरी सोडतो, कारण एवढ्या माणसांचं जेवण दोनच शेगड्यांवर करायचंय. मी त्याला रोज एकदा परत आणते. कार्यक्रमाच्या मधोमध बाबांनी स्वतःसाठी थोडा वेळ मागून घेतला. कशाला, विचारलं तर म्हणाले, "आहे एक गंमत. तू फक्त पुढच्या खुर्चीवर बस."

ती गंमत मला केव्हाच कळलीय. बाबा रोज दुपारी आपल्या तंबूत जातात, आतून चेन ओढतात आणि भाषणाची तालीम करतात. अरे, आख्खा जन्म या माणसाने कापडाच्या भिंतींत काढला. पाहुणा आला की पहिलं हेच बजावतात, हळू बोला बरं का, इथे सगळं ऐकू जातं. आणि स्वतः एकदा चेन ओढली की असे निर्धास्त, जणू किल्ल्याचं दारच लावून घेतलंय! पहिल्या दिवशी मी बाहेर खुंट्या ठोकत होते. आतून "माझी धाकटी" असं खणखणीत ऐकू आलं आणि हातोडी अंगठ्यावर बसली. नख अजून काळं आहे.

आता ते भाषण मला तोंडपाठ आहे. "माझ्या मुलाने मोठ्या मनाने आपला वाटा सोडला. आजपासून हा कॅम्प माझ्या धाकटीचा. ती इथून कुठेही जायची नाही, म्हणून मी निश्चिंत आहे." निश्चिंत या शब्दावर बाबांचा आवाज दाटतो. रोज दाटतो. मग पाणी पितात, घसा खाकरतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मी बाहेर तसाच दोर हातात धरून उभी असते.

मला कळलं तसं सगळ्या कॅम्पलाही कळलंय, हे वेगळं सांगायला नकोच. पाहुणे माझ्याकडे बघून असे हसतात, जणू माझं लग्न ठरलंय आणि फक्त मलाच पत्ता नाही. मोठ्या तंबूत त्यांनी माझ्यावर एक गाणं बसवलंय. चहा घेऊन गेले की एकदम चिडीचूप, मग कुणीतरी हवापाण्याचं काहीतरी बोलतं. बिचाऱ्यांची धांदल नको म्हणून मी हल्ली दहा पावलं आधीच खोकत जाते. परवा तर चाल चुकत होती, तेही मी बाहेरून ऐकलं, आणि आत जाऊन चाल नीट करून द्यावीशी वाटली. माझाच सत्कार, त्याच्या खुर्च्या मी पुसायच्या, फुलं मी सांगायची, गाणं मी ऐकलं नाही असं दाखवायचं आणि त्या संध्याकाळी अय्या म्हणून तोंडावर हात ठेवायचा. त्याचीही तालीम मी केलीय दादा, आरशासमोर. छान जमतं.

तुला वाटेल, मग वाईट काय झालं? लोकांना मिळत नाही असं सुख हिला मिळतंय आणि ही रडतेय. पण मला श्वास घेता येत नाही रे. एवढं मोठं आभाळ, एवढं तळं, कुठे एक भिंत नाही, आणि मी कोंडले गेलेय. आई गेली तेव्हा बाबा म्हणाले होते, एवढा एक हंगाम सांभाळ. तू तेव्हा भांडून निघून गेला होतास. मी एक हंगाम म्हणून कॉलेज थांबवलं, आणि मग प्रत्येक हंगाम तो एकच असायचा. मला हाक न मारता कॅम्पवर कुणाचं पान हलत नाही. आंघोळीला गेले तरी बाहेरून कुणीतरी विचारतं, ताई, बॅटरीचे सेल कुठेत? मला एक खोली हवीय, चांगल्या जाड लाकडी दाराची. आत बसून काही करायचंसुद्धा नाही. नुसतं बसायचंय.

आणि ती खोली मिळत होती. दरवर्षी येणाऱ्या कवळीवाल्या बाई तुला आठवतात का? शहरात दातांच्या कवळ्या बनवायचं त्यांचं मोठं काम आहे. गेल्या हंगामात बाबांची कवळी नळाखाली पडून दुभंगली, तर मी ती बारीक कानशीने घासून, तारेने जोडून दिली. बाबांनी त्याच कवळीने लगेच मक्याचं कणीस खाऊन दाखवलं! बाईंनी ती हातात घेऊन किती तरी वेळ उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्याकडे ये. शिकवते, पगार देते, वरच्या मजल्यावर खोली आहे." दादा, मला तेव्हा इतका आनंद झाला की मी वेड्यासारखी तळ्याला फेरी मारून आले. दात घासून घासून माणसाच्या तोंडात बसवायचे, यात आनंद कसला, असं तू म्हणशील. पण कुणीतरी माझ्या हातांकडे पाहिलं रे. हंगाम संपला की येते, असं मी त्यांना सांगून बसलेय. त्याही सोहळ्याला येणार आहेत. पुढच्याच रांगेत बसतील आणि ते भाषण ऐकतील. मग काही विचारणार नाहीत, नुसत्या टाळ्या वाजवतील.

बाबांना सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. सकाळी दोघं मिळून दोर तपासतो ना, तेव्हा एकदा मनाचा हिय्या करून म्हटलं, बाबा, मला जरा बोलायचंय. त्यांनी हातातला दोर माझ्यापुढे धरला. गाठ अर्धवट होती, पुढचा फेर त्यांना जमत नव्हता. हसून म्हणाले, "बघ, आता ही पण तूच घाल." मी गाठ घातली. काय बोलायचं होतं तुला, असं त्यांनी नंतर विचारलं, तर मी आचाऱ्याची तक्रार सांगितली.

आणि खरं सांगू? बाबांवर मी रागावूच शकत नाही. राग तुझा येतो. वाटा सोडताना तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुला वाटलं असेल, ठकी खूश होईल, एवढी वर्षं राबली, तिचं तिला मिळू दे. तुझं मन चांगलं आहे, माहीत आहे मला. पण वाटा सोडून तू मोकळा झालास आणि दार मात्र माझ्यावर लावलंस. सगळे म्हणतील, असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मीही म्हणेन, अजून काय करणार?

म्हणून हे पत्र. सोहळ्याच्या आधी बाबांना फोन कर आणि सांग की तुझं मन बदललं. तुला तुझा वाटा हवा आहे, आणि कॅम्प आपल्या तळ्यावर नाव चालवणाऱ्या काकांना चालवायला द्यायचा आहे. काका केव्हाचे तयार आहेत, बाबांना त्यांच्या तंबूतून हलवायचं नाही, एवढं त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. मी म्हटलं तर बाबा ऐकणार नाहीत, ऐकलं तर मोडून पडतील. तू गेलास तेव्हा बाबांनी तुला शिव्या घातल्या, वर्षभर तुझं नाव काढलं नाही, आणि आता तुझा फोन आला की आधी केसांवरून हात फिरवतात. तुला ते माफ करू शकले, कारण मागे मी होते. माझ्यामागे कुणी नाही. ते तुला स्वार्थी म्हणतील, आईचं नाव घेऊन बोलतील, आणि मी त्यांच्या शेजारी बसून मान हलवेन, तेही तुला सोसावं लागेल. दादा, तुला वाईट होता येतं आणि तरी तू त्यांचा लाडका राहतोस. माझ्यासाठी एकदा, शेवटचं, वाईट हो.

तुझ्या फोनची वाट बघणारी, तुझीच
ठकी