चौथं शील

आदरणीय बाबा,

सप्रेम जयभीम. मी बरी आहे. गाझियाबादची नवी खोली हवेशीर आहे, जेवणही वेळेवर होतं. आईची कंबर कशी आहे? तिला जड काही उचलू देऊ नका.

दोन महिन्यांपासून मी एका समुपदेशक बाईंकडे, मीनाक्षी मॅडमकडे, जातेय. काळजी करू नका, मला भीती वाटते, एवढंच. त्या म्हणतात, भीतीला हाकलू नकोस, ती अंगात कुठे बसलीय ते बघ, श्वासावर लक्ष ठेव. मला हसू आलं. लहानपणी तुम्ही बुद्धमूर्तीसमोर बसवून हेच शिकवायचात, आणि मी एक डोळा उघडून घड्याळ बघायचे.

काल त्यांनी विचारलं, भीती नेमकी कधी येते? स्पर्धा परीक्षेच्या नावाने येते असं मला वाटायचं. पण ती येते रविवारी, आपण फोनवर पंचशील म्हणतो तेव्हा. चौथ्या शीलाला मी गप्प होते आणि तुम्ही म्हणता, 'नेटवर्क गेलं वाटतं.'

नेटवर्क जात नाही, बाबा. खोटं न बोलण्याचं ते शील माझ्या तोंडून निघत नाही. पूर्वपरीक्षा थोडक्यात हुकली, असं मी तुम्हाला सांगितलं. मी परीक्षेला बसलेच नव्हते. केंद्राच्या गेटवरून परत आले. आणि तुम्ही विहारात सगळ्यांना सांगितलंत, 'पोरीची थोडक्यात गेली.'

या रविवारी फोन करा. चौथं शील मी मोठ्याने म्हणेन. त्यानंतर तुम्ही गप्प राहिलात, तर नेटवर्क गेलं असं मी समजणार नाही.

तुमची,
चेतना